फुटपाथ गेला शेअर बाजारात

जून २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडचा फुटपाथ मुंबईला गेला आणि थेट शेअर बाजारात पोचला. महापालिकेनं २०० कोटींचे हरित कर्जरोखे काढले, त्यांची रीतसर नोंदणी झाली, मान्यवरांच्या हस्ते घंटा वाजली. रोख्यांना पाचपट बोली आल्याचं अभिमानानं सांगण्यात आलं. पैसा कशासाठी, तर ‘हरित सेतू’ प्रकल्प आणि टेल्को रस्त्याची पुनर्रचना यांसाठी. म्हणजे शहरातल्या निगडीच्या माणसाला घरापासून मंडईपर्यंत नीट चालत जाता यावं, जमल्यास सायकलवर जाता यावं, यासाठी मुंबईच्या गुंतवणूकदारांनी उड्या मारल्या. निगडीचा माणूस तोवर स्वतःच्या उड्या मारत होताच. त्या मात्र सुटलेल्या पेव्हर ब्लॉकवरून होत्या.

त्याच्या महिनाभर आधी, १४ मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं फुटपाथवरून चालण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं होतं. खंडपीठ न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांचं. ओकसाहेबांची वकिली सुरू झाली ठाण्यात, तेव्हा फुटपाथ या विषयाचा व्यासंग दिल्लीला जाण्याआधीच पुरा झाला असणार. तर मे महिन्यात हक्क मिळाला, जूनमध्ये पैसा मिळाला. आता फुटपाथ तेवढा मिळायचा राहिला.

पिंपरी-चिंचवडची थट्टा करताना एक गोष्ट आधी कबूल केली पाहिजे. ही महापालिका या विषयात आळशी नाही. केंद्राच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत जी ११ शहरं निवडली गेली, त्यांत ती होती. बिनमोटारी वाहतुकीचं धोरण तिनं मंजूर केलं आहे. नकाशे सुंदर आहेत. नकाशातल्या झाडांखाली नकाशातली आजी नकाशातल्या नातवाचा हात धरून चालते, शेजारून एक मुलगी सायकलवर जाते, आणि संपूर्ण चित्रात एकही ॲक्टिव्हा नाही. चित्र काढणाऱ्याला शहर माहीत नसावं, किंवा फार चांगलं माहीत असावं.

बाकीच्या गावांकडे जी सबब असते, तीही या गावाकडे नाही. ठाणे, कल्याण, जुनं पुणे यांचे अधिकारी हात वर करून सांगू शकतात, ‘जागाच नाही हो.’ इथं जागा भरपूर. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं एकत्र करून १९७० साली नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आलं, १९८२ साली महापालिका झाली. आखणी करून वसवलेलं शहर. मोठे रस्ते ४५ मीटरचे, जुना पुणे-मुंबई महामार्ग तर ६१ मीटर. एवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंना ऐसपैस फुटपाथ, सायकलची वाट, झाडं, बाकडी, बसथांबे, सगळं बसतं. बसवायचं ठरवलं तर.

पण गावाचा पिंड मोटारीचा. इथं टेल्को आली, आकुर्डीत बजाजची स्कूटर आली. ‘चेतक’ बाजारात आली १९७२ साली, आणि ती मिळावी म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. गंमत अशी, की या गाड्या बनवणारा कामगार तेव्हा कामावर यायचा तो सायकलवर. हँडलला डबा, कॅरिअरला रेनकोट, पँटचा पायचा क्लिपनं आवळलेला. शिफ्ट सुटली की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. त्या काळात सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडला तर पोलीस अडवायचे. म्हणजे सायकलवाल्याला सोय नव्हती, पण कायदा होता. आता सोयीच्या घोषणा आहेत, आणि कायद्याचं म्हणाल तर उलट्या दिशेनं येणारा बुलेटवाला सायकलवाल्यालाच विचारतो, ‘दिसत नाही का?’

आता फुटपाथ जवळून पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसचं १०३ क्रमांकाचं मार्गदर्शक पुस्तक सांगतं, की फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी आणि कडेचा दगड १५० मिलिमीटरहून उंच नको. कारण सोपं आहे. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर जाता आलं पाहिजे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता आलं पाहिजे. यातला ‘मोकळी’ हा शब्द ठेकेदाराच्या निविदेत येईपर्यंत वाटेतच कुठेतरी गळतो. फुटपाथ बांधला जातो दोन-अडीच मीटरचा, बिलही तेवढ्याचंच निघतं. मग त्यावर महावितरणचा डीपी येतो, केबलवाल्याची पेटी येते, दिव्याचा खांब येतो, भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाची लोखंडी चौकट येते, आणि उरलेल्या जागेत रसवंती. चालणाऱ्यासाठी शिल्लक राहते ती डीपी आणि भिंत यांच्यामधली फट, जिच्यातून जायचं तर पोट आत घ्यावं लागतं आणि पिशवी डोक्यावर.

उंचीची कहाणी आणखी रंगतदार. दर निवडणुकीआधी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, रस्ता वर येतो, फुटपाथ बुटका होतो. मग पावसाचं पाणी फुटपाथवर चढतं. मग फुटपाथ उंच करायचं काम निघतं. तो इतका उंच होतो, की दुचाकी चढू नये. दुचाकी तरीही चढते, कारण दर दहा पावलांवर एखाद्या सोसायटीचं फाटक असतं आणि तिथं उतार असतो. चढत नाही ती आजी. तिला दर फाटकाशी उतरायचं, पुन्हा चढायचं, पुन्हा उतरायचं असतं. पाचव्या फाटकाशी ती शहाणी होते आणि रस्त्यावरून चालायला लागते. मागून हॉर्न वाजतो. फुटपाथ असताना ही बाई रस्त्यानं का चालते, असा प्रश्न गाडीतल्या गृहस्थाला पडतो. तो गाडी लावणार कुठं, हे विचारू नये.

आणि त्या पिवळ्या फरशा! उंचवट्यांच्या, रेघांच्या. अंधांना पायाखाली वाट कळावी म्हणून त्या असतात. लांब रेघा म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. ठेकेदाराला मात्र त्या नक्षी म्हणून आवडल्या असाव्यात. मग रेघांची फरशी अंध माणसाला सरळ, न चुकता, विजेच्या खांबापर्यंत नेऊन पोचवते. ठिपक्यांची फरशी जिथं नको तिथं असते. थांबायची खरी गरज असते त्या चौकात फरशीच संपलेली असते.

या साऱ्या कहाणीचं मर्म त्या चौकातच आहे. सरळ रस्त्यावर फुटपाथ किंवा सायकल ट्रॅक बांधणं म्हणजे रंगीत डांबर, ब्लॉक आणि फीत कापणं. जीव जायची भीती असते ती चौकात, जिथं डावीकडे वळणारी पीएमपीची बस, घाईतली रिक्षा आणि सायकलवाला एकाच जागी येतात. आणि नेमका तिथं, चौकाच्या ५० मीटर अलीकडे, लाल-हिरवा सायकल ट्रॅक नाहीसा होतो. सायकलवाल्याला उचलून चौकापलीकडे ठेवायची सोय अजून निघालेली नाही, तेव्हा तो राम म्हणतो आणि पायडल मारतो. पलीकडे ट्रॅक पुन्हा सुरू होतो, तोंडाशी दोन लोखंडी खांब घेऊन. खांब दुचाकी आत येऊ नये म्हणून. त्यांच्यातलं अंतर इतकं चोख, की सायकलचं हँडल अडकतं आणि स्कूटर थोडी तिरकी करून सुखरूप आत जाते.

६१ मीटरचा महामार्ग ओलांडायचं गणित करून पाहा. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे पन्नास सेकंद. साठी-सत्तरीचा माणूस त्याहून सावकाश, म्हणजे मिनिटाच्या वर. इतका वेळ सिग्नल चालणाऱ्याला देत नाही. मध्यावर थांबायला सुरक्षित जागा हवी, ती असली तरी तिथं झेंडूची कुंडी असते. शहर सुंदर दिसलं पाहिजे. देशभरात २०२२ साली रस्त्यावरच्या अपघातांत ३२,८२५ पादचारी मेले, दिवसाला नव्वदच्या आसपास. हा आकडा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आहे, कुणा सायकलवेड्याचा नाही.

शेजारपाजारचे दाखलेही बघण्यासारखे आहेत. मुंबईत पादचाऱ्यांची इतकी काळजी वाटली, की २००८ पासून त्यांना आकाशात पाठवायला सुरुवात झाली. वांद्र्यापासून स्कायवॉकची मालिका उभी राहिली. लोक खालूनच चालत राहिले, कारण भाजी खाली मिळते. पवईच्या तलावाकाठी सायकल ट्रॅक बांधायला घेतला, तर मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवून काढून टाकायला लावला. सायकल रस्त्यावर नको, तर ठेवायची कुठं, याचं उत्तर तलावात शोधल्यावर दुसरं काय होणार? पुण्यानं डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठात आणि औंधात भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आणल्या. त्यांचं कोडकौतुक झालं, फोटो निघाले, काहींची सीट गेली, काहींचं कुलूप गेलं, आणि काही वर्षांत कंपन्याही गेल्या. त्याच पुण्यानं ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा केला. लोक खरंच खूश होते. पोरं रस्त्यात खेळली. दुसऱ्या दिवशी १२ डिसेंबर होता.

पिंपरी-चिंचवडला मात्र यश मिळेल, असं वाटायला लावतात ते इथले रुंद रस्ते, आणि अडचणही तिथंच आहे. प्राधिकरणातल्या रस्त्यांवर फुटपाथ रुंद करायला घेतले तशी तक्रार उठली, की रस्ते अरुंद होतायत, कोंडी होणार. तक्रार करणारे लोक वाईट नाहीत. सकाळी ते स्वतःच चालायला जातात, मोटारीनं उद्यानापर्यंत जाऊन. त्यांचा फुटपाथला विरोध नाही. फुटपाथ व्हावा, सायकल ट्रॅक व्हावा, झाडं व्हावीत, फक्त त्यांच्या फाटकासमोरची गाडी लावायची जागा जाऊ नये. त्या जागेचा हिशोब असा: एका मोटारीची पार्किंगची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर. त्यात दहा सायकली सहज मावतात. दोन्ही कडांना गाड्यांच्या रांगा लागल्या, की पाच मीटर रस्ता गेला. तेव्हा रस्ता अरुंद झाला म्हणून एकही निवेदन येत नाही. उभी गाडी अतिक्रमणात मोडत नाही, ती प्रतिष्ठेत मोडते. भुट्टेवाल्याची हातगाडी मात्र अतिक्रमणविरोधी पथकाला लांबूनही दिसते.

आणि सायकल कोण चालवतं, याविषयीही शहराचा एक मोठा गैरसमज आहे. रविवारी पहाटे घट्ट कपडे घालून हेल्मेटसह लोणावळ्याकडे निघणारे, हेच सायकलवाले, अशी समजूत असल्यामुळे ट्रॅक नदीकाठी, बागेत, जॉगिंग पार्कच्या कडेनं सुचतात. भोसरी एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेला वॉचमन आणि चार सोसायट्यांतली धुणीभांडी करणारी बाई ही माणसं कुणाच्याही लोगोवर नसतात. बाई तर चालतच जाते. तिला नदीकाठ नको, तिला भाजीवाल्यापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून बसथांब्यापर्यंत, मध्ये न तुटणारी, रात्री दिवा असणारी वाट हवी. तेवढी दिली, की सायकल रॅली काढायची गरज उरत नाही. रॅलीचा खर्च वाचतो. हे मात्र कुणालाच परवडत नाही.

तेव्हा २०० कोटींतून काय होतंय, याची वाट न पाहता वाचकांनी एक करावं. घरातली टेप घ्यावी, आपल्या दारापासून जवळच्या चौकापर्यंतचा फुटपाथ मोजावा. मोकळी रुंदी १.८ मीटरहून कमी असेल, दगड १५० मिलिमीटरहून उंच असेल, तर त्या जागेचा खांब क्रमांक लिहून तक्रार पालिकेच्या ‘सारथी’ या तक्रार-सेवेवर टाकावी. ‘फुटपाथ खराब आहे’ असं मोघम लिहू नये, मोघम तक्रारी तशाच मोघम बंद होतात. आणि मोजताना फुटपाथवर जी गाडी आडवी आली, ती आपलीच निघाली, तर आधी ती काढावी, मग तक्रार करावी.