घड हलका का राहिला?

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात भारत बांगलादेशाकडून ०-१ हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावच्या मेहरूण तलावाला चक्कर मारून आलेली मंडळी चहाला थांबली, तेव्हा घोळक्यात एकच वाक्य फिरत होतं, "आपल्या पोरांना गोलच मारता येत नाही, भो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. हे वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो. त्यात खोटं काही नाही आणि कामाचंही काही नाही.

घोळक्यात दोघे केळीवाले होते, रावेरकडचे. त्यांना विचारलं, घड हलका भरला तर तुम्ही काय बघता? दोघांनी लगेच बोटांवर मोजायला घेतलं. रोप कुठून आणलं होतं, ठिबकचं पाणी कधी तुटलं, खताचा कोणता हप्ता चुकला, निसवण म्हणजे घड बाहेर पडायची वेळ ऐन थंडीत सापडली का, घडावर फण्या किती ठेवल्या. वजनकाटा सगळ्यात शेवटी. एक म्हणाला, "जे बिघडायचं ते निसवणीच्या आधीच बिघडलेलं असतं." घडाला शिव्या देणारा केळीवाला मी आजवर पाहिला नाही. मग फुटबॉलमध्ये आपण वजनकाट्यापाशीच का घुटमळतो?

काट्यावरचा आकडा तरी आधी नीट वाचू. नोव्हेंबर २०२३ ते नोव्हेंबर २०२५ या दोन वर्षांत भारत विश्वचषक पात्रतेचे ६ सामने खेळला, कतारमधल्या आशिया चषकाचे ३ आणि त्यापुढच्या आशिया चषकाच्या पात्रतेचे ५. एकूण १४ सामने, गोल ५. नऊ सामन्यांत भोपळा, उरलेल्या पाचांत एकेक. चौदांपैकी एकाही सामन्यात दोन गोल नाहीत. विजय एकच, तोही या यादीतल्या पहिल्या सामन्यात, कुवेतमध्ये, मनवीर सिंगच्या गोलवर. कतारच्या आशिया चषकात तर ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१, म्हणजे तीन सामन्यांत आपलं खातंही उघडलं नाही.

२०२४ हे वर्ष वेगळं काढलं, मैत्रीपूर्ण सामनेही धरले, तर ११ सामने, शून्य विजय, ४ गोल. हे चार कुणाचे? गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध सुनील छेत्रीची पेनल्टी. दोह्यात कतारविरुद्ध छांगटे. व्हिएतनाममध्ये फारुख चौधरी. आणि वर्षाचा शेवटचा, हैदराबादेत मलेशियाविरुद्ध, मुंबईच्या राहुल भेकेचा, कॉर्नरवरून डोक्यानं. भेके बचावपटू आहे. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवला ३-० हरवून भारताने ४८९ दिवसांनी सामना जिंकला, तेव्हाही पहिला गोल भेकेचाच, आणि तोही कॉर्नरवरच. आठ वर्षं मागे जा. २०१७ ला आपल्याच देशात भरलेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा एकुलता एक गोल मिडफिल्डर जॅक्सन सिंगचा, कोलंबियाविरुद्ध, कॉर्नरवर, डोक्यानं.

इतक्या थोड्या गोलांवरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळतं. पण चेंडू थांबवून, झेंड्यापाशी ठेवून, सगळ्यांना जागेवर उभं करून मारला की आपल्यात जान येते, हे दिसल्यावर प्रश्न तरी विचारायला हवा. चेंडू पळता असताना आपले किती जण बॉक्समध्ये असतात?

टीव्हीवर चेंडू कुणाकडे किती टक्के वेळ होता ते मोठ्या अक्षरांत दाखवतात. तो आकडा मला सगळ्यात पोकळ वाटतो. आपले दोन बचावपटू आणि गोलरक्षक आपसांत चेंडू फिरवत बसले तरी टक्के वाढतात. त्यापुढचा आकडा फटक्यांचा, आणि तोही एकटा फसवतो. वीस फटके मारले आणि सगळे बॉक्सबाहेरून मारले, तर ती हौस झाली.

म्हणून 'अपेक्षित गोल' हा हिशेब आला. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एक्सजी म्हणतात. गोष्ट साधी आहे. पूर्वी नोंदलेले हजारो फटके घ्यायचे आणि अशा जागेवरून, अशा कोनातून, पायानं की डोक्यानं, मारलेल्या शंभरांपैकी किती आत गेले ते पाहायचं. पेनल्टी शंभरात पंचाहत्तरच्या थोडी वर जाते. बॉक्सबाहेरचा फटका शंभरात तीन-चार वेळा. सगळे फटके एकत्र धरले तर साधारण दहात एक. प्रत्येक फटक्याला असा भाव लावून बेरीज केली की सामन्यात आपण किती गोलांचं पीक उभं केलं होतं ते कळतं. मग ते घरात आलं की वाटेत सांडलं, हा पुढचा प्रश्न.

या बेरजेमुळे दुखणं वेगळं करता येतं. बेरीज मोठी आणि गोल कमी असतील तर नेम चुकतोय किंवा नशीब रुसलंय, धीर धरावा. फटके भरपूर पण बेरीज लहान असेल तर पोरं घाईनं लांबून मारताहेत. आणि फटकेच नसतील तर स्ट्रायकरला बोल लावणं हा अन्याय आहे, कारण चेंडू त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. आपण मात्र तिन्ही दुखण्यांवर एकच औषध देतो. पुढचा माणूस बदला.

इंग्लंडमधल्या ब्रायटनने हे औषध घेतलं नाही. २०२०-२१ च्या मोसमात त्यांचे ३८ सामन्यांत ४० गोल झाले आणि संघ सोळाव्या नंबरावर राहिला. एक्सजीची बेरीज पन्नासच्या पुढे होती. म्हणजे संधी होत होत्या, शेवटचा स्पर्श चुकत होता. क्लबने घाबरून खेळ मोडला नाही, प्रशिक्षक ग्रॅहम पॉटरला ठेवलं. पुढच्या मोसमात नववा नंबर, आणि २०२२-२३ मध्ये ७२ गोल करून सहावा. त्याच मोसमाच्या सुरुवातीला पॉटर चेल्सीला गेला होता, खेळाडूही बदलले, तेव्हा सगळं श्रेय एका बेरजेला मी देणार नाही. पण वाईट वर्षात कोणती गोष्ट हात न लावता तशीच ठेवायची, हे त्यांना आकड्यांमुळे दिसलं. आपल्याकडे २०२४ ला प्रशिक्षक स्टिमाचला काढलं, मार्केझ आले, २०२५ ला ते गेले, खालिद जमील आले. या तीन माणसांच्या हाताखाली आपली बेरीज कशी होती, हे चहाच्या टपरीवरच्या माणसाला माहीत आहे का? त्याला माहीत असायला हवं. तिकीट तो काढतो, रात्र तो जागवतो.

आकडे आले की शहाणपण येतं, असंही मी म्हणणार नाही. चार्ल्स रीप नावाचा रॉयल एअर फोर्समधला हिशेब खात्याचा अधिकारी १८ मार्च १९५० ला स्विंडन टाउनचा सामना बघत होता. मध्यंतरानंतर त्याने वही काढली आणि प्रत्येक चढाईची नोंद सुरू केली. पुढची अनेक वर्षं तो मोजत राहिला. त्याला दिसलं की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढाईतून होतात. मग सल्ला निघाला, पास कमी करा, चेंडू सरळ पुढे भिरकवा. इंग्लंडच्या कितीतरी संघांनी तो मनावर घेतला. चूक कुठे होती? मुळात बहुतेक सगळ्या चढायाच तीन पासांच्या आत संपतात! बाजारात दहा गाड्या मेहरूणच्या बोरांच्या आणि एक गाडी दुसऱ्या बोरांची असेल, तर किडकी बोरं मेहरूणचीच जास्त निघणार. दर शंभर बोरांत किडकी किती, हे विचारायला हवं होतं. दर शंभर चढायांमागे गोल किती, असं पुढे लोकांनी तपासलं, तेव्हा जास्त पासांच्या चढायाच सरस ठरल्या. रीपची वही प्रामाणिक होती, भागाकार चुकला होता.

आता आपला भागाकार. इंडियन सुपर लीग २०१४ ला सुरू झाली. २०२४-२५ पर्यंतच्या ११ मोसमांत सर्वाधिक गोलांचा मान एकाही भारतीयाला मिळालेला नाही. २०२४-२५ ला तो मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजाराईला मिळाला, २३ गोल. भारतीयांत पहिला आला सुनील छेत्री, १४ गोल, वय ४०. जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या ०-० नंतर तो डोळे पुसत राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला होता. त्याला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावं लागलं. छेत्रीवर माझं प्रेम आहे. म्हणूनच ते बोलावणं मला बोचलं.

क्लब परदेशी सेंटर फॉरवर्ड का घेतात ते समजतं. चार परदेशी एका वेळी मैदानात उतरवता येत असतील, तर त्यातला एक जण गोलासमोरच उभा करतात, कारण गोल हीच सगळ्यात महाग वस्तू. मग आपला पोरगा जातो विंगवर, नाहीतर बाकावर. त्याला वर्षभरात गोलरक्षकासमोर एकट्याने उभं राहण्याची वेळ किती वेळा येते? भारताच्या जर्सीत ती वेळ येते तेव्हा पाय का गोठतो, याचं उत्तर तिथे आहे. मला महासंघाकडून एकच आकडा दर महिन्याला हवा आहे. तेवीस वर्षांखालच्या भारतीय पोरांनी देशातल्या वरच्या दोन लीगमध्ये सेंटर फॉरवर्डच्या जागेवर किती मिनिटं खेळली? गोल सोडा, मिनिटं सांगा. ही मिनिटं म्हणजे ठिबकचं पाणी.

१९५६ ला मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये नेव्हिल डिसोझाने, आशिया चषकात आपल्याला हरवणाऱ्या याच ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले होते, भारत ४-२ जिंकला होता. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. चार गोलांसह त्या स्पर्धेच्या सर्वाधिक गोलांच्या मानात तो वाटेकरी होता. खेळायचा मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून, सेंटर फॉरवर्डलाच. म्हणजे आपल्या मातीत गोल मारणारा पाय पिकत नाही, असं कुणी मला सांगू नये.

मोजायची हौस आपल्या राज्यालाही एकदा आली होती. १५ सप्टेंबर २०१७ ला महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावं असा कार्यक्रम झाला. शाळाशाळांत चेंडू वाटले. तो दिवस मला मनापासून आवडला होता. पण त्यातली किती मुलं पुढच्या महिन्यात खेळत होती, पुढच्या वर्षी किती, हे विचारणारा दुसरा दिवस उगवला नाही. लागवडीचे फोटो काढले आणि बागेकडे परत फिरकलोच नाही, असा हा प्रकार झाला.

म्हणून मी शंभर पानी वही घेतली. संक्रांतीच्या आधीचे दिवस, तलावावरून गार वारा, पोरांच्या खिशांत बोरं. तलावाजवळच्या मोकळ्या जागेत सकाळी पोरं खेळतात, दोन विटांचा गोल. वहीच्या पानावर मैदान आखलं. फटका मारला की मारला तिथे ठिपका, आत गेला तर ठिपक्याला गोल कडं. याला यंत्र लागत नाही, कॅमेरा लागत नाही. "काय लिही राहिला भो?" म्हणत एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा आला. त्याला समजावलं, तर त्याने पेनच काढून घेतलं. त्या दिवशी तो खेळला नाही, ठिपके देत बसला. पहिलं पान भरलं तेव्हा सगळे ठिपके लांब, मैदानाच्या मध्याकडे सांडलेले. पोरांनी ते पान डोकी एकत्र करून पाहिलं. "आपण लयच लांबून मारतो ना?" असं त्यांच्यातलाच एक म्हणाला. मला काही बोलावं लागलं नाही.

तिसऱ्या सकाळी वहीवाल्या पोराने मधेच खेळ थांबवला. एक जण चेंडू घेऊन थेट विटांसमोर पोचला होता, समोर फक्त गोलरक्षक, आणि त्याने मारायच्या ऐवजी बाजूला पास दिला होता. चेंडू गेला तलावाकडे.

"काका, यानं मारलाच नाही. याचा ठिपका कुठे देऊ?"

एक्सजीच्या बेरजेत याला जागा नसते. फटका नाही, तर भाव नाही. मी जरा विचार केला आणि म्हणालो, तिथेच एक रिकामा गोळा काढ, आत काही भरू नको. त्याने काढला. मग दर वेळी काढायला लागला. ऊन चढलं, पोरं पाण्याच्या बाटल्यांकडे पळाली, आणि तो वही उलटी-सुलटी धरून मोजत बसला. विटांच्या तोंडाशी ठिपके दोन होते. रिकामे गोळे अकरा.