सूर्यनारायण, मानद सभासद

नेरुळमधल्या आमच्या सोसायटीच्या ऊर्जाधोरणाचं जाहीर अभिनंदन व्हायला हवं. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी गच्चीवर सौर बंब बसले. पाइप तेवढा खाली यायचा राहिला. पण त्यामुळेच आजवर दुरुस्तीवर एक रुपया खर्च नाही. न वापरलेलं यंत्र बिघडत नाही, हा शोध साधा नव्हे. शिवाय काचनळ्यांवर गोधड्या झकास वाळतात आणि टाकीखाली मांजर दरवर्षी बाळंत होते.

खाली घरोघरी दोन किलोवॅटचे गीझर अर्ध्या तासाला एक युनिट इमानदारीने खातात. ते रोज चालतात, म्हणूनच बिघडतात. तेव्हा लिफ्टलाही बंबांचाच नियम लावावा, अशी माझी नम्र सूचना आहे. बटण दाबू नये. लिफ्ट शतायुषी होईल.

2024 साली पीएम सूर्यघर योजना आली. सोसायटीच्या सामाईक वापराच्या सौर पॅनेलना किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान. पंप, जिन्यातले दिवे, सगळं उन्हावर चालेल, असं एका उत्साही सभासदाने वार्षिक सभेत मांडलं. सेक्रेटरींनी चष्मा पुसला, गच्चीचा नकाशा पसरला आणि तांत्रिक हरकत नोंदवली: पॅनेलची सावली सौर बंबांवर पडेल.

प्रस्ताव एकमताने फेटाळण्यात आला. ऊर्जाबचतीबद्दल समितीच्या अभिनंदनाचा ठराव झाला. मग भर दुपारी, पडदे ओढून, ट्यूबलाइटच्या उजेडात चहापान झालं.