एकनिष्ठ ग्राहकाच्या पाच कंपन्या

मुंबईत अजूनही असे काही सद्गृहस्थ आहेत, ज्यांनी मोबाइलच्या पहिल्या लाटेत मॅक्स टचचं कनेक्शन घेतलं आणि पुन्हा कधी कंपनी बदलली नाही. बँक एक, डॉक्टर एक, मोबाइल कंपनी एक, हा त्यांचा बाणा. आपल्या जागेवरून ते तसूभर हलले नाहीत. पण मॅक्स टचची ऑरेंज झाली, ऑरेंजची हच झाली, २००७ साली हचची व्होडाफोन झाली, २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या आणि सप्टेंबर २०२० मध्ये दोघींचं मिळून 'वी' असं आटोपशीर नाव ठेवण्यात आलं. कंपनी बदलायची नाही असं ठरवलेल्या माणसाच्या बिलावर जितके रंग येऊन गेले, तितके हौसेने कंपन्या बदलत फिरणाऱ्याच्याही नशिबी आले नसतील.

एवढ्यावर भागलं नाही. कंपनीची सरकारी देणी थकली, तेव्हा केंद्र सरकारने पैशांऐवजी शेअर घेतले. २०२३ साली सरकारचा वाटा सुमारे ३३ टक्के होता, २०२५ मध्ये तो ४९ टक्क्यांच्या घरात पोचला. म्हणजे एमटीएनएलच्या खिडकीवरच्या सरकारी खाक्याला वैतागून जो गृहस्थ खासगी कंपनीकडे गेला, तो तीस वर्षं एका जागी बसून निम्मा सरकारच्या पदरात परत आला. त्यासाठी त्याला एकही अर्ज भरावा लागला नाही, हीच काय ती प्रगती.

त्याच काळात ज्यांनी बीपीएल मोबाइल घेतला, त्यांच्या निष्ठेचं फळ वेगळं निघालं. बीपीएलची लूप झाली, नोव्हेंबर २०१४ मध्ये लूपचा परवाना संपला आणि दुकानच बंद झालं. ग्राहकांना कळवण्यात आलं की नंबर टिकवायचा असेल तर दुसरीकडे जा. पुढे २०१८ मध्ये एअरसेलचं दिवाळं वाजलं तेव्हाही हेच घडलं. नंबर दुसरीकडे नेण्याचा कोड मिळवायला इतकी झुंबड उडाली, की जायचंय तर सगळ्यांना, पण दारातून बाहेर पडता येईना.

हे दार उघडलं त्याची कथाही सांगण्यासारखी आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय भारतात नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. तेव्हा एकेका भागात दहा-बारा कंपन्या ग्राहकांसाठी दबा धरून होत्या. वर्षभराने, २ फेब्रुवारी २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ फुकटात अवतरली आणि उरल्यासुरल्यांपैकी बहुतेकांनी गाशा गुंडाळला. दरम्यान कंपनी बदलणं मात्र सोपं आणि स्वस्त होत गेलं. सुरुवातीचं १९ रुपयांचं शुल्क सात रुपयांच्याही खाली आलं, मुदतही घटून त्याच भागातल्या बदलीसाठी कामाच्या तीन दिवसांवर आली. जाण्याचा रस्ता असा गुळगुळीत झाला आणि जायची ठिकाणं उरली तीन खासगी आणि एक सरकारी. तरीही २०२४ मध्ये एकूण अर्जांचा आकडा १०० कोटींच्या पुढे गेला. या देशात कुणाला कुणाकडे राहायचं नाही, हे यापेक्षा सविस्तर कुठल्याही जनगणनेत नोंदलेलं नसेल.

दूरसंचार खात्याचा भूगोल हाही एक स्वतंत्र विषय आहे. त्यांच्या नकाशात मुंबई हे एक राज्य आणि उरलेला महाराष्ट्र दुसरं. कल्याण मुंबईत मोडतं आणि पणजी महाराष्ट्रात. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं नाही, असा कौल १६ जानेवारी १९६७ च्या मतदानात दिला होता. दूरसंचार खात्याने मतदान वगैरेच्या भानगडीत न पडता 'महाराष्ट्र आणि गोवा' असं एकच सर्कल करून टाकलं. या नकाशामुळे २०१५ च्या जुलैपर्यंत मुंबईचा नंबर पुण्याला कायमचा नेता येत नव्हता. मुंबई सोडून पुण्यात स्थायिक झालेला माणूस स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं रोमिंगवर राहायचा. पुणेकरांनी त्याला तसंही पाहुणाच मानलं असतं, ही गोष्ट वेगळी.

कंपनी बदलण्याची कृती वरकरणी सोपी आहे. 'पोर्ट' असं लिहून पुढे आपला नंबर टाकायचा आणि १९०० वर एसएमएस पाठवायचा. आठ अक्षरांचा एक कोड येतो, तो बहुतेक ठिकाणी चार दिवस चालतो. अट एवढीच, की आधीच्या कंपनीकडे निदान ९० दिवस काढलेले असावेत आणि उधारी नसावी. यात कंपन्यांनी एक नामी युक्ती शोधली. स्वस्तातल्या रिचार्जमधून एसएमएसची सोयच काढून टाकली. ग्राहक वैतागला, त्याने निघून जायचं ठरवलं, तर निघून जाण्याचा एसएमएस पाठवायलाही त्याच कंपनीचं महागडं रिचार्ज मारायचं! अखेर डिसेंबर २०२१ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाला लेखी बजावावं लागलं, की रिचार्ज कितीचंही असो, १९०० वरचा एसएमएस जाऊ द्या.

तो एसएमएस एकदा गेला, की चमत्कार होतो. ज्या कंपनीत माणसाशी बोलायचं म्हणजे एक दाबा, चार दाबा, पुन्हा नऊ दाबा करत बोटं झिजायची, तिथून स्वतःहून फोन येतो. समोरचा मुलगा गळा दाटून विचारतो, "सर, आमच्याकडून काही चुकलं का?" मग त्याच्या पोतडीतून असा एक प्लॅन निघतो, जो अ‍ॅपवर नाही, वेबसाइटवर नाही आणि दहा-बारा वर्षं नेमाने पैसे भरणाऱ्या शेजाऱ्यालाही कधी कुणी सांगितलेला नाही. जो निघाला त्याला सवलत आणि जो राहिला त्याला दरवाढ, असा हा हिशेब आहे. घरोघरी हे आता इतकं पक्कं माहीत झालंय, की कंपनी सोडायची नसली तरी काही लोक अधूनमधून १९०० वर एसएमएस टाकून पाहतात.

या कंपन्यांची कालगणनाही स्वतंत्र आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयात महिने बारा. रिचार्जचा महिना मात्र २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा महिने. पंचांगातला अधिक मास साधारण तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात जावयाला निदान अनारसे तरी मिळतात. रिचार्जचा अधिक मास दरवर्षी येतो आणि वाण कंपनीला द्यावं लागतं. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने सांगितलं, की निदान एक प्लॅन तीस दिवसांचा ठेवा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा. महिना म्हणजे महिना, हे सांगायला नियामकाला अधिसूचना काढावी लागली.

'लाइफटाइम'ची व्याख्याही अशीच लवचीक. २००५ च्या अखेरीस हजारेक रुपये भरा आणि आयुष्यभर इनकमिंग मोफत घ्या, अशा योजना निघाल्या. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आयुर्मानाचा हिशेब करून त्या घेतल्या. २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवायलाही दर २८ दिवसांना निदान ३५ रुपयांचं रिचार्ज सक्तीचं केलं. ग्राहक हयात होता, लाइफटाइम संपलं होतं.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले, कुठे १० टक्के तर कुठे २७. देशभर संतापाची लाट उसळली आणि तिने लोकांना बीएसएनएलच्या किनाऱ्यावर नेऊन सोडलं. त्या एका जुलै महिन्यात बीएसएनएलला सुमारे २९ लाख ग्राहक मिळाले. स्वदेशी, स्वाभिमान, घरवापसी अशा शब्दांनी व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप दुमदुमले. मग त्याच ग्रुपवरचे व्हिडिओ उघडेनात. नोव्हेंबर येईतो बीएसएनएलचे ग्राहक पुन्हा घटू लागले होते. जिओने फोर-जी आणलं २०१६ मध्ये. बीएसएनएलच्या देशव्यापी स्वदेशी फोर-जीचं उद्घाटन ओडिशातल्या झारसुगुडात झालं २७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर स्वाभिमानाने दुसरं सिम घेऊन ठेवलं होतं.

कंपनी निवडणं म्हणजे तीन-चारांतून एक. फोन निवडणं हे त्याहून खोल पाणी. कधीकाळी फोन घेताना एवढंच विचारायचे, टॉर्च आहे ना? २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ला टॉर्च होता, धूळ सोसणारा कीपॅड होता, आणि जगभर तो २५ कोटींच्या वर खपला. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्राची निम्मी गावं त्या टॉर्चवर जेवली. आता फोन घ्यायचा ठरला, की आधी पुण्याला आयटीत असलेल्या भाच्याला फोन जातो.

"मामा, बजेट किती?"

"पंधरा हजार. पण चांगला पाहिजे."

"मग अठरा धरा. आणि वापर काय?"

"फोन करायचे. व्हॉट्सअ‍ॅप. आरत्या ऐकायच्या."

"मग गेमिंगचा प्रोसेसर घ्या, पुढची पाच वर्षं बघायला नको."

इथून पंधरा दिवसांचा अभ्यास सुरू होतो. भाचा तीन मॉडेलं सुचवतो, जावई चौथं, सोसायटीतला इस्त्रीवाला पाचवं. त्यातलं ओप्पो घ्यावं की विवो, वनप्लस की रियलमी, यावर घरात दोन तट पडतात. या चारही ब्रँडचं मूळ शोधत गेलं तर ते चीनमधल्या बीबीके नावाच्या एकाच उद्योगघराण्यापाशी जाऊन पोचतं. रेडमी आणि पोको यांचंही तेच, दोघंही शाओमीच्या पोटचे. पण चुलतभावंडांच्या या भाऊबंदकीत आपण कुठल्या बाजूचे, यावरून मामा आणि जावयाची बोलचाल बंद झालेली असते.

त्यात कॅमेऱ्याचे आकडे. फोनच्या पाठीवर २०० मेगापिक्सेल असं ठसठशीत छापलेलं असतं. नेहमीचा फोटो काढला तर असा फोन सोळा-सोळा पिक्सेल एकत्र मळून एक करतो आणि हातात ठेवतो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. पन्नासवालाही चार-चारांचा एक करून साडेबारावरच येतो. या मळण्याला तांत्रिक कारण आहे, उजेड कमी असताना फोटो बरा येतो. पण दोनशेचे पैसे मोजलेल्या माणसाला हे कारण कुणी दुकानात सांगत नाही. बरं, हा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून 'शुभ सकाळ'सकट पाठवला, की तिथे तो आणखी पिळून निघतो.

फाइव्ह-जीची गोष्ट तर भविष्यवेत्त्यांनी लिहिल्यासारखी. भारतात पहिला फाइव्ह-जी फोन विकायला आला फेब्रुवारी २०२० मध्ये. फाइव्ह-जी आलं १ ऑक्टोबर २०२२ रोजी. मधली अडीच वर्षं लोक 'फ्यूचर रेडी' फोन खिशात घालून फोर-जीवर भविष्याची वाट पाहत होते. ते आलं तेव्हा कळलं, की काही फोनांना इथे लागणारे सगळे बँड नाहीत, काहींना सॉफ्टवेअरचा अपडेट हवा. आयफोनवाल्यांनाही तो अपडेट डिसेंबरात मिळाला. अनेकांनी तोवर पुढचा फोन घेतला होता.

ऑक्टोबर २०२० मध्ये अ‍ॅपलने पर्यावरणाच्या काळजीपोटी खोक्यातला चार्जर काढून घेतला. सॅमसंगने फेसबुकवर त्याची टिंगल केली, आमच्याकडे चार्जर मिळतो म्हणून. तीनेक महिन्यांत त्यांनाही पर्यावरणाचा पुळका आला. जानेवारी २०२१ च्या नव्या फोनच्या खोक्यात चार्जर नव्हता आणि टिंगलीची ती पोस्टही दिसेनाशी झाली. चार्जर आता वेगळ्या खोक्यात, वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, वेगळ्या कुरिअरने येतो. पृथ्वी वाचवण्याचा खर्च तेवढा वेगळा पडतो.

एवढा अभ्यास झाल्यावर मामांनी ठरवलं, की दिवाळीच्या सेलमध्ये फोन घ्यायचा आणि त्याच आठवड्यात कंपनीही बदलायची. पण त्यांचं सिम जुनं, कात्रीने कापून मायक्रोचं नॅनो केलेलं. आधी कंपनीच्या गॅलरीत जाऊन ते बदलून घ्या, असा सल्ला मिळाला. बदललं. आता सिम बदललं, की चोवीस तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक टाळण्यासाठी २०२२ च्या अखेरीस दूरसंचार खात्याने तसा नियमच केला. शिवाय १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टचा कोडही मिळत नाही. दोन्ही नियम चोरांसाठी आहेत आणि दोन्हींत मामा सापडले. रात्री बाराला सेल संपणार, कार्डाने पैसे भरायला ओटीपी हवा आणि ओटीपी यायला एसएमएस चालू हवेत.

शेवटी भाच्याने स्वतःच्या खात्यावरून ऑर्डर टाकली. ओटीपी त्याला आला, कॅशबॅकही त्यालाच आला आणि पत्ता बदलायचा राहिल्याने फोन हिंजवडीला पोचला. तो मामांच्या हाती येईतो सात दिवस उलटले होते. आता कोड मागायला ते मोकळे आहेत. फक्त नव्या फोनमध्ये ई-सिम टाकायचं असेल, तर सिम आणखी एकदा बदलावं लागेल आणि पुन्हा चोवीस तास एसएमएस येणार नाहीत, असं गॅलरीतल्या मुलीने त्यांना आदबीने सांगितलं आहे.