पानगळीला पेट्रोल कशाला?

फेब्रुवारीत थंडी ओसरली की पिंपळ, वड, वर्षावृक्ष पानं टाकायला लागतात. पुण्यात प्रभात रोड, भांडारकर रोड, सहकारनगर इथल्या बंगल्यांच्या अंगणांत रोज सकाळी पानांचा नवा थर पडलेला असतो. हल्ली या दिवसांत एक प्रश्नही हमखास कानावर येतो: हातात धरायचा पेट्रोल ब्लोअर कुठला घ्यावा? २५ सीसीचा पुरेल की २८ सीसीचा लागेल?

माझं उत्तर सरळ आहे. घरच्या अंगणासाठी, अधूनमधून वापरायला, पेट्रोलवरचा ब्लोअर घेऊच नका. कुठल्याच कंपनीचा.

पहिलं कारण इंजिनाचं. यातली बहुतेक मशीन टू-स्ट्रोक असतात, आणि टू-स्ट्रोक म्हणजे काय हे पुणेकराला सांगायला नको. बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना, दोन्ही १९७२च्या, दोन्ही इथल्याच. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मारून घेण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या. ब्लोअरलाही तेच लागतं. बऱ्याच मशीनना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिली. तेल कमी पडलं की पिस्टन जाम, जास्त झालं की धूर आणि काजळलेला प्लग. शिवाय प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल द्यायला पंपवाला नकार देतो, आणि ते योग्यच आहे. म्हणजे चार मूठ पानांसाठी घरात पेट्रोलचा कॅन आला.

पण चेतक रोज ऑफिसला जायची. ब्लोअर पानगळीत महिना-दीड महिना चालणार आणि उरलेलं वर्ष माळ्यावर पडणार. आज पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बऱ्याच ब्लोअरच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांच्या वर इथेनॉल नको, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते पान दुकानात कुणी उघडून दाखवत नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकीत राहिलेलं पेट्रोल पावसाळाभर बसून बसून खराब होतं, कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरतो, आतला नखाएवढ्या जाडीचा रबरी पडदा कडक होतो. पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही दोरी ओढता, पुन्हा ओढता, खांदा दुखायला लागतो आणि मशीन ढिम्म हलत नाही. मग मेकॅनिक, मग कार्ब्युरेटरचा किट. हे इंजिन वापराने झिजत नाही इतकं नुसतं पडून राहिल्याने बिघडतं, आणि आपण ते नेमकं पडून राहण्यासाठी विकत घेतो.

ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी एवढं करावं: लागेल तेवढंच मिश्रण ताजं बनवावं, हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करावा.

दुसरं कारण शेजाऱ्यांचं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही कायद्यातली मर्यादा आहे. पेट्रोल ब्लोअरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ९० डेसिबलच्या आसपास जातो. तो बिचारा माळी किंवा वॉचमन असतो आणि त्याच्या कानाला काहीही लावलेलं नसतं. मालक खिडकी बंद करून आत. धुराचं म्हणाल तर टू-स्ट्रोक इंजिनात आत आलेल्या ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच धुराड्यातून बाहेर पडतो. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब असा की व्यावसायिक वापराचा पेट्रोल ब्लोअर तासभर चालवला, तर धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं व्हायला २०१६ची टोयोटा कॅम्री सुमारे १,७७० किलोमीटर चालवावी लागेल. पुण्याहून निघून दिल्लीच्याही पुढे. तिथे २०२४पासून अशा नव्या मशीनच्या विक्रीवर बंदी आली. जे त्यांनी दुकानातून काढलं ते आपण हौसेने घरात का आणावं?

आणि धूळ. तोंडाशी ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटर वेगाची हवा पानाबरोबर बांधकामाची माती, कबुतरांची वाळलेली विष्ठा, सगळं उडवते. पान दोन हात सरकतं, धूळ दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसते.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते पुढचं. पानं जातात कुठे? आमच्या भागात मी पाहतो: महापालिकेची झाडूवाली सकाळी सहाला खराट्याने रस्ता लख्ख करून, पानांचे ढीग कडेला लावून जाते. नऊ वाजता एखाद्या फाटकातून ब्लोअरचं तोंड बाहेर येतं आणि अंगणातली सगळी पानं फुटपाथवर. ती बाई परतीच्या वाटेवर तोच रस्ता पुन्हा झाडते. याला सफाई म्हणत नाहीत. स्वतःचं काम दुसऱ्याच्या पाठीवर टाकणं म्हणतात, आणि ते सुशिक्षित घरांतून होतं याचा मला राग येतो. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितलं. पानं पेटवायची सोय तर नाहीच: राष्ट्रीय हरित लवादाने २०१६च्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये दंड ठरवून दिला. तरीही मार्चमधल्या पहाटे कुठल्या ना कुठल्या गल्लीतून तो कडवट वास येतोच.

मग घ्यायचं काय? चार-पाच गुंठ्यांपर्यंतच्या अंगणाला चांगला खराटा पुरतो. नारळाच्या हिरांचा, घट्ट बांधलेला, लांब दांडा लावलेला. म्हणजे कंबर वाकत नाही. जूनमध्ये भिजून फरशीला चिकटलेलं पान खराट्यानेच निघतं, तिथे ब्लोअर हात टेकतो. गुडघे किंवा पाठ साथ देत नसेल, तर विजेवरचा छोटा ब्लोअर घ्या. तपकीर गल्लीत चौकशी केली तर सहज मिळेल. वायर बाहेर वापरायच्या दर्जाची, तीन पिनांची घ्या आणि ओल्या फरशीवर चालवू नका. वायर नको असेल तर बॅटरीचा. घरात त्याच कंपनीचं ड्रिल असेल तर बॅटरी एकच चालते का, हे आधी विचारा. पूर्ण जोरात चालवला तर तो थोडी मिनिटंच टिकतो, पण अंगणाला तेवढं बास. विक्रेता हवेचा वेग सांगेल, तुम्ही मिनिटाला किती हवा फेकतो ते विचारा. तोंड अरुंद केलं की वेग कुठल्याही मशीनचा वाढतो. पानांचा ढीग हलतो तो हवेच्या प्रमाणाने.

पेट्रोल ब्लोअर वाईटच असं मी म्हणत नाही. विद्यापीठासारख्या ४११ एकरांच्या आवारात, जिथे वायर पोचत नाही आणि रोज काही तास काम आहे, तिथे त्याला जागा आहे. तीन गुंठ्यांच्या बंगल्यात नाही.

खर्चच करायचा असेल तर जाळीवर करा. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, तीन फूट उंच, गोल करून सावलीत उभी करायची आणि पानं आत दाबायची. वर अधूनमधून पाणी आणि थोडं शेण किंवा जुनं खत. गुलमोहर, वर्षावृक्ष यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, वड यांची चिवट पानं आधी पायाखाली चुरून टाका, तरी त्यांना वेळ लागतोच. ज्यांना खत करायचं नाही त्यांच्यासाठी पुण्यात २०१६पासून ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम आहे: ज्याच्याकडे पानं जास्त, त्याची गाठ पानं हवी असलेल्या गच्चीवरच्या बागवाल्याशी घालून दिली जाते. गोणी भरायची, फोन करायचा. गांडूळखत प्रकल्प नीट चालवणाऱ्या मिळकतींना महापालिका मिळकतकरात सवलतही देते. सोसायट्यांनी त्याची चौकशी करावी.

यंदा तुमच्या सोसायटीच्या सभेत ब्लोअर खरेदीचा विषय आला, तर हात वर करा आणि आधी जाळीचा ठराव मांडा. जागा कुठली, पाणी कोण घालणार, खत कुणाच्या कुंड्यांना, हे तीन प्रश्न त्याच सभेत मिटवा. खराटे दोन जास्तीचे घ्या आणि झाडणाऱ्या माणसाला मास्क आणि हातमोजे सोसायटीच्या खर्चाने द्या.