गाउलाकाठचा उपास

ट्रॉन्डहेम, जून 2024 अखेर

ती. आई-बाबांस सा. न.

चिरंजीवांनी मासा धरला का, असं बाबांनी विचारलं होतं. धरला. खाल्ला का, ते विचारू नये.

गाउला नदीचा सॅल्मनचा हंगाम 1 जूनला उघडला. त्याच तारखेला तुमच्याकडे पावसाळी बंदी लागून ट्रॉलर किनाऱ्याला लागतात. घराण्याची मासेमारी मालवणात थांबली की नॉर्वेत सुरू होते, असा सोयीस्कर अर्थ चिरंजीवांनी काढला आणि कचेरीत रजा टाकली.

मग कागदपत्रं. अठरा वर्षांवरच्या माणसाने आधी सरकारी शुल्क भरायचं, वर काठावरच्या जमीनमालकांकडून मासेमारीचं कार्ड घ्यायचं. नातवाला सरकारी शुल्क माफ, हे आजोबांना खास कळवायला त्याने बजावलं आहे. गळ, जाळी, गुडघ्यावरचे बूट दुसऱ्या नदीत भिजलेले असतील तर निर्जंतुक केल्याचा दाखला हवा. चिरंजीव कुरकुरले. पण लेर्दाल नदीची हकिगत कळल्यावर गप्प झाले. तिथे 1996मध्ये सॅल्मनच्या पिल्लांवर जगणारा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा परजीवी सापडला. तो संपवायला नदीत पुन्हा पुन्हा औषध सोडावं लागलं आणि नदी मुक्त झाल्याचं जाहीर व्हायला 2017 उजाडलं. एका ओल्या बुटाचा धाक तेव्हापासून घरात आहे.

खरी गंमत पुढेच. समुद्रातून जन्मनदीत परतलेला सॅल्मन अंडी घालेपर्यंत जवळपास काहीच खात नाही. म्हणजे चिरंजीव रंगीत पिसांची खोटी माशी घेऊन, कमरेएवढ्या गार पाण्यात उभे राहून, निर्जळी एकादशी धरलेल्याला भजी दाखवत होते! तरीही कधी चिडून, कधी जुन्या सवयीने तो तोंड घालतो म्हणे. एकाने घातलं. लगेच नियम आठवले: हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवा, गळ अलगद काढा, तो सावरला की सोडा. फोटोत मासा थोडा आणि चिरंजीव फार आहेत.

आणि 23 जूनला, इथल्या मध्यग्रीष्माच्या होळ्या पेटतात त्याच दिवशी, सरकारने स्वीडनच्या हद्दीपासून ट्रॉन्डेलागपर्यंतच्या 33 नद्यांत सॅल्मनची मासेमारी बंद केली. गाउलाही त्यात आली. कारण मासाच आला नाही. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला दहा लाखांहून अधिक रानटी सॅल्मन नॉर्वेच्या किनाऱ्याला परतत, अलीकडे निम्मेच. समुद्र तापतोय, तिथलं खाणं बदलतंय. शिवाय फ्योर्डमध्ये तरंगणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यांत पाळीव सॅल्मन लाखोंनी वाढतात. त्यांच्या अंगावरच्या समुद्री उवा समुद्राकडे निघालेल्या कोवळ्या रानटी पिल्लांना धरतात. पिंजऱ्यातून निसटलेले मासे नदीत शिरून रानटी वाणात सरमिसळ करतात, ते वेगळंच.

सूनबाईंना यातली एक गोष्ट पटत नाही. काठावर एका गळामागे एवढे दाखले, आणि पिंजऱ्यांवर त्या मानाने हात सैल. गळवाला एकटा असतो, त्याला अडवणं सोपं. पिंजरे ही निर्यात आहे. तेल-वायूखालोखाल या देशाला पैसा देणाऱ्या मालांत मासे येतात, आणि त्यात सिंहाचा वाटा याच पाळीव सॅल्मनचा. हे चिरंजीव काठावर तावातावाने सांगतात आणि संध्याकाळी दुकानातून त्याच पिंजऱ्यातला गुलाबी तुकडा घेऊन येतात. काय करणार, भात लावलेला असतो.

नदी बंद झाल्यापासून मोर्चा फ्योर्डच्या धक्क्याकडे वळला आहे. समुद्रात हौसेने गळ टाकायला कार्ड लागत नाही. परवा नातवाला सेय नावाचा, कॉडच्या कुळातला मासा मिळाला. तिखल्यासारखं काहीतरी केलं, पण तिरफळं संपल्याने रंगलं नाही. कोकम अजून पुरेल. तिरफळं मात्र पुढच्या पार्सलात पाठवा, आणि बाबांनी मागितलेला माशाचा फोटो सोबत आहे; कडेला डोकं दिसतं ते माशाचंच.

आपली,
सूनबाई