लोणावळ्याचा वर्षावास

पावसाळ्यात रविवारी लोक लोणावळ्याला निसर्ग बघायला जातात, असा एक समज आहे. प्रत्यक्षात दिसतो तो पुढच्या गाडीच्या काचेवरचा 'आईचा आशीर्वाद'. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून तर पाण्यापेक्षा माणसंच जास्त वाहतात. हे धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलं. इंजिनं गेली, आता वाफ निघते ती मॅगीच्या टपरीतून आणि ड्रायव्हरच्या डोक्यातून. जवळच भाजे लेणी आहेत, इसवीसनपूर्व 2ऱ्या शतकापासूनची. पावसाळ्यात हिंडू नये, एका जागी मुक्काम करावा, हा तिथल्या बौद्ध भिक्खूंचा वर्षावासाचा दंडक. सव्वादोन हजार वर्षांनंतरही मावळात तो काटेकोर पाळला जातो: हँडब्रेक ओढून, खिडकीतून कांदाभजी घेत, तासन्तास.