भाकरी, कंसात सतरा

आमच्या यवतात एक ऑक्टेव्हदादा आहेत. त्यांना माणसं नावानं आठवत नाहीत, क्रमांकानं आठवतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून आमच्याकडे मुक्कामाला निघाली, की घरोघर तवे तापतात आणि दादांचा लॅपटॉपही तापतो. कुठल्या घरून किती भाकऱ्या, याची यादी ते ऑक्टेव्ह नावाच्या आकडेमोडीच्या प्रोग्रॅममध्ये ठेवतात.

"आक्का, तुमचं घर सतरावं. भाकरी, कंसात सतरा, बरोबर चाळीस."

"आरं, बरोबर चाळीस कुठनं? पन्नास करणार हाय मी."

"हे 'बरोबर' तसलं नव्हे. उजवीकडचा आकडा डावीकडच्या खणात ठेवायचा, एवढंच त्याचं काम." दादा पन्नास ठेवतात. आधीचे चाळीस कुठे गेले, हे विचारायचं नाही. गेले.

पुण्यात शिकणारा भाचा एकदा म्हणाला, "मामा, पायथनमध्ये शून्यापासून मोजतात." दादा भडकले. "शून्याव्या घरात राहतं कोण? उंबरा?"

एका वर्षी साठ घरं नोंदून झाली. एकसष्टावं लिहिताना बोट घसरलं आणि कंसात ६१० पडलं. ऑक्टेव्ह भलता सोशिक. 'एवढी घरं आणलीत कुठून' म्हणून तो भांडत नाही. मधल्या ५४९ खणांत मुकाट्यानं शून्य भरून मोकळा होतो. दादांनी यादी छापून देवळाच्या भिंतीला डकवली. संध्याकाळी तिथं ही गर्दी! एवढे कंजूष गावात आहेत कोण? दोघे तर घरपट्टीच्या पावतीवरचा आपला घरक्रमांक घेऊन भांडायलाच आले. त्यांच्यापुढे खरोखरच शून्य होतं.

पुढल्या खेपेला पाचव्या घरचे लोक हडपसरला गेले, म्हणून दादांनी त्या खणाला रिकामे चौकोनी कंस लावले. खण उडाला, पण मागची सगळी घरं एकेकानं पुढं सरकली. आक्का सतराव्या जागी बघतात तर तिथे जावेच्या बारा भाकऱ्या! चार दिवस अबोला.

जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये ऑक्टेव्ह लिहायला घेतला आणि त्याला आपल्या प्राध्यापकांचं, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचं नाव दिलं. हे प्राध्यापक झटपट अंदाज बांधण्यात पटाईत होते. मी हे आक्कांना सांगितलं. "मग त्यो आमच्यातलाच की," म्हणाल्या.

पालखीच्या रात्री दादा पडद्यावरची बेरीज दाखवत होते: पुरेशा आहेत. आक्कांनी पंगतीवरून एकदा नजर फिरवली. "अजून दोन पाट्या आणा."

आणल्या. दोन्ही संपल्या.